गराज सेलमधली पेटी, ल्यूथरची गोष्ट आणि काचेच्या गोळ्यांच्या टोप्या

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला आणि छायाचित्रेही मोठी करून पाहिली. न्यू जर्सीतल्या एका गराज सेलमध्ये तुम्ही १२ डॉलरला नाताळच्या झाडाच्या सजावटीची एक जुनी पेटी घेतली. तीत काचेचे आठ रंगीत गोळे, काचतंतूंची शेपटी असलेले दोन पक्षी, एक जड हिरवा गोळा, काचेची एक काकडी, मेणबत्त्या लावायचे पत्र्याचे तीन चिमटे, चंदेरी पट्ट्यांची गुंडाळी आणि नकली बर्फाची एक कागदी पिशवी आहे. विकणाऱ्या आजींनी तुम्हाला सांगितले की हा सगळा ऐवज दीडशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या लाउशा गावी तयार झाला, आणि झाड सजवण्याची प्रथा मुळात १६ व्या शतकातल्या मार्टिन ल्यूथर या जर्मन धर्मसुधारकाने सुरू केली. हे खरे आहे का, लेकीने शाळेत हीच गोष्ट सांगावी का, आणि वस्तू साबणाच्या पाण्याने धुवाव्यात का, असे तुम्ही विचारले आहे.

धुऊ नका, आणि बर्फाची पिशवी उघडू नका. ही दोन कामे थांबवलीत की बाकीचे सावकाश वाचले तरी चालेल.

मी गेली तेवीस वर्षे पेनसिल्व्हेनियात जुन्या घरगुती वस्तूंच्या, विशेषतः काच आणि कागद यांच्या, संवर्धनाचे काम करतो. दर जानेवारीत माझ्या टेबलावर अशा दहा-बारा पेट्या येतात, आणि बहुतेक पेट्यांबरोबर एखादी गोष्टही येते. गोष्ट सांगणारा खोटे बोलत असतो असे नाही. त्याला ती तशीच मिळालेली असते. मात्र पेटी एका वर्षी भरलेली नसते. आजीचे चार गोळे, सुनेने आणलेले सहा, शेजाऱ्यांनी दिलेला पक्षी, असे करत ती तीन पिढ्या भरत जाते, आणि मग सगळ्या वस्तूंना सर्वांत जुन्या वस्तूचे वय चिकटते. म्हणून ‘ही पेटी किती जुनी’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. प्रत्येक वस्तू वेगळी पाहावी लागते, आणि मी छायाचित्रांवरून बोलतो आहे हेही लक्षात ठेवा. गोळ्याचे वय बरेचदा त्याच्या टोपीवरून, म्हणजे टांगण्यासाठी वर बसवलेल्या झाकणावरून काढतात, पण फुटलेल्या गोळ्याची टोपी दुसऱ्या गोळ्यावर बसवण्याचा उद्योग प्रत्येक घरात झालेला असतो.

आधी ल्यूथरचे पाहू. हिवाळ्याच्या रात्री फरच्या झाडांमधून चमकणारे तारे पाहून त्याने घरी मुलांसाठी झाड आणले आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या, अशी ती गोष्ट आहे. त्याच्या काळातला एकही कागद याला दुजोरा देत नाही. उलट आता फ्रान्समध्ये असलेल्या आल्सासमधल्या सेलेस्टा या गावच्या १५२१ च्या हिशेबवहीत, २१ डिसेंबरच्या नोंदीत, नाताळसाठी कोणी झाडे तोडून नेऊ नयेत म्हणून वनरक्षकांना पहारा देण्याबद्दल चार शिलिंग दिल्याचे लिहिले आहे. पहारा ठेवावा लागतो याचा अर्थ लोक आधीपासूनच झाडे नेत होते. त्या हिवाळ्यात ल्यूथर वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून राहिला होता, आणि त्याचे लग्न व्हायला अजून चार वर्षे होती. मुलांसाठी झाड आणण्याचा प्रश्नच नव्हता.

दुसरा पुरावा मला त्याहून बोलका वाटतो. १६४० च्या दशकात स्ट्रासबुर्गमध्ये योहान कोनराड डानहाउअर नावाचे धर्मपंडित होते. लोक घरात झाड उभे करतात, त्याला बाहुल्या आणि साखरेचे पदार्थ टांगतात, मग ते हलवून लुटू देतात, अशी तक्रार त्यांनी लिहून ठेवली आहे, आणि ही प्रथा कुठून आली ते आपल्याला ठाऊक नाही असेही म्हटले आहे. हे गृहस्थ ल्यूथरच्याच पंथाचे होते. ल्यूथरच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांच्या आत त्याच्याच पंथातल्या विद्वानाला जे माहीत नव्हते, ते आपल्याला खात्रीने माहीत असावे हे जरा चमत्कारिक आहे. ही गोष्ट लोकांच्या मनात ठसली ती १९ व्या शतकात. १८४३ मध्ये कार्ल आउगुस्ट श्वेर्डगेबुर्थ या चित्रकाराने ल्यूथरचे कुटुंब मेणबत्त्यांनी उजळलेल्या झाडाभोवती बसलेले दाखवले, आणि तेव्हापासून ते चित्रच पुरावा म्हणून पुढे केले जाऊ लागले.

मग झाड आले कुठून? बहुतेक अभ्यासक ज्याकडे बोट दाखवतात ते ‘स्वर्गातले झाड’. मध्ययुगीन दिनदर्शिकेत २४ डिसेंबर हा आदाम आणि एवा यांचा दिवस होता. त्या निमित्ताने होणाऱ्या धार्मिक नाटकांत एदेन बागेतले झाड दाखवायचे असे, आणि डिसेंबरात हिरवे राहणारे झाड म्हणजे फर. त्याला लाल सफरचंदे बांधली की काम झाले. पुढे १६०५ मध्ये एका अनाम प्रवाशाने स्ट्रासबुर्गमधल्या घरांतील झाडांचे वर्णन केले आहे. त्यांवर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदे, पातळ पापुद्र्याच्या चकत्या, सोनेरी बेगड आणि साखर टांगलेली होती. त्यात मेणबत्त्यांचा उल्लेख नाही. त्या ठळकपणे दिसतात १७०८ मधल्या एका पत्रात, ज्यात ओर्लेआँची डचेस एलिझाबेथ शार्लट हानोफरमधल्या आपल्या बालपणीचा नाताळ आठवते आणि छोट्या झुडपांच्या प्रत्येक फांदीवर लावलेल्या मेणबत्तीचे वर्णन करते. मेण महाग होते, त्यामुळे दरबारी घरांत जे शक्य होते ते साध्या घरांत पोहोचायला स्टिअरिन आणि पॅराफिनच्या स्वस्त मेणबत्त्या याव्या लागल्या.

इंग्लंडची कहाणी थोडक्यात आटोपतो, कारण तुमच्या पेटीशी तिचा संबंध आडवळणाने येतो. राजघराण्यात झाड आणले ते प्रिन्स आल्बर्टने, असे सगळीकडे वाचायला मिळते. प्रत्यक्षात जर्मनीत जन्मलेल्या राणी शार्लटने १८०० मध्येच विंडसरला मुलांसाठी ‘यू’ जातीचे झाड सजवले होते. आल्बर्टच्या वाट्याला आले ते छापील चित्र. १८४८ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकाने राणी व्हिक्टोरिया, आल्बर्ट आणि मुले झाडाभोवती उभी असलेले चित्र छापले. दोन वर्षांनी फिलाडेल्फियाच्या एका महिला मासिकाने तेच चित्र उचलले. राणीचा मुकुट आणि आल्बर्टच्या मिशा तेवढ्या पुसून टाकल्या, आणि राजघराणे एका साध्या अमेरिकी कुटुंबात रूपांतरित झाले. मला या क्षेत्रातली सर्वांत आवडती लबाडी हीच आहे. अर्थात पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वसाहतींत झाड त्याआधीच होते. लँकेस्टरच्या मॅथ्यू झाम यांच्या रोजनिशीत १८२१ मध्येच नाताळची झाडे आणायला मंडळी टेकडीवर गेल्याची नोंद आहे.

आता तुमचे गोळे. तुरिंगियाच्या डोंगरातल्या लाउशा गावी १५९७ मध्ये काचेची भट्टी उभी राहिली, कारण वाळू आणि जळणासाठी जंगल तिथे हाताशी होते. एका गरीब कारागिराला मुलांसाठी सफरचंदे आणि अक्रोड विकत घेणे परवडेना, म्हणून त्याने ते काचेचे फुंकले, अशी कथा तिथे सांगतात. फ्रान्समधल्या लोरेनमध्येही अशीच कथा आहे. तिथे १८५८ च्या दुष्काळात सफरचंदे आली नाहीत म्हणून गोएट्झेनब्रुकच्या कारागिराने ती काचेची केली. दोन्ही गोड आहेत. लाउशाच्या बाबतीत मला त्यापेक्षा साधे कारण पटते. तिथली घरे आधीपासून काचेचे पोकळ मणी फुंकून त्यांना आतून मुलामा देत होती. मोठा मणी म्हणजेच गोळा. झाडासाठीच्या काचेच्या गोळ्यांची सर्वांत जुनी नोंद तिथल्या एका कारागिराच्या मागणीवहीत १८४८ मध्ये सापडते: सहा डझन, वेगवेगळ्या आकारांचे. १८६७ मध्ये गावात गॅसचा कारखाना झाला आणि स्थिर, जोरकस ज्योत मिळू लागली. तेव्हा कुठे भिंत पातळ ठेवून मोठा गोळा फुंकणे सोपे झाले.

पातळ आणि जाड हा फरक हातात धरताच कळतो. सुरुवातीचे गोळे जाड काचेचे, चांगलेच जड आणि आतून शिसे-कथलाच्या मिश्रणाची कल्हई केलेले असत. नंतरच्या पद्धतीत काचेची नळी ज्योतीवर तापवून तोंडाने फुंकतात, किंवा साच्यात फुंकून तिला पक्षी-फळाचा आकार देतात. मग सिल्व्हर नायट्रेट, अमोनिया आणि साखर यांचे द्रावण आत थोडेसे घालून गोळा कोमट पाण्यात धरून हलवतात. डोळ्यांदेखत काच आधी करडी, मग काळपट आणि मग एकदम आरशासारखी होते. मी लाउशाला एका कार्यशाळेत हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा काही बोलायचे सुचले नव्हते. सुकल्यावर गोळा रंगीत लाखेत बुडवतात, हाताने रेषा रंगवतात, आणि शेवटी फुंकताना धरलेली लांब दांडी कापून तिथे टोपी बसवतात. हा घरचाच धंदा होता: बाप फुंकणार, आई चांदी चढवणार, मुले टोप्या बसवणार. भरलेल्या मोठ्या टोपल्या पाठीवर घेऊन बायका डोंगर उतरून सोनेबर्गला व्यापाऱ्यांकडे जात.

तुमच्या पेटीतला माल अमेरिकेत कसा आला याचे धागे सोनेबर्गपासूनच निघतात. एफ. डब्ल्यू. वूलवर्थ यांनी १८८० मध्ये लँकेस्टरच्या आपल्या दुकानासाठी असे गोळे अनिच्छेनेच, फक्त २५ डॉलरचे घेतले होते, आणि ते दोन दिवसांत संपले असे त्यांच्या आठवणींच्या आधारे सांगितले जाते. पुढे ते स्वतः खरेदीसाठी जर्मनीला जाऊ लागले. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने १८९१ पासून आयात मालावर मूळ देशाचे नाव असणे बंधनकारक केले, आणि म्हणून टोपी वाचता येते. तुमच्या आठांपैकी दोन टोप्यांवर नुसते ‘जर्मनी’ आहे. त्या १८९१ नंतरच्या, आणि लाखेचा पोत पाहता दोन महायुद्धांच्या मधल्या वाटतात. देशाचे नाव नसले म्हणजे गोळा त्याआधीचाच, असा उलटा निष्कर्ष मात्र काढू नका. जर्मनीतल्याच ग्राहकासाठी केलेल्या मालावर शिक्का लागत नसे.

तिसऱ्या टोपीवर ‘यूएस झोन जर्मनी’ असे आहे. म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याच्या ताब्यात असलेला जर्मनीचा भाग. ही अक्षरे १९४५ नंतरची थोडीच वर्षे वापरात होती, म्हणजे गोळ्याला दीडशे वर्षे झालेली नाहीत. आणखी एक गंमत: लाउशा अमेरिकी विभागात नव्हतेच. तुरिंगिया १९४५ च्या जुलैपासून सोव्हिएत ताब्यात होता. बरेच कारागीर तिथून निघून सोनेबर्गला लागूनच असलेल्या, पण बव्हेरियात मोडणाऱ्या नॉयश्टाट या गावी आले आणि त्यांनी तिथे नव्याने भट्टी पेटवली. दोन शेजारी गावांच्या मध्ये पुढे कुंपण उभे राहिले. तेव्हा हा गोळा लाउशाच्या हाताचा असू शकतो, लाउशा गावचा नाही.

आणि आता पेटीतल्या ज्या तीन गोळ्यांकडे तुम्ही ‘फिके, बहुधा खराब झालेले’ म्हणून दुर्लक्ष केले आहे, त्यांच्याबद्दल. ते पारदर्शक आहेत, आत चांदी नाही, वर फिकट पट्टे आहेत, आणि टोपी पत्र्याची नसून पुठ्ठ्याची आहे. ते खराब झालेले नाहीत. युद्धाच्या भीतीने जर्मन माल बंद पडणार हे ओळखून मॅक्स एकार्ट या आयातदाराने आणि वूलवर्थच्या लोकांनी कॉर्निंग या काच कंपनीला गळ घातली. कॉर्निंगकडे पेनसिल्व्हेनियातल्या वेल्सबरो इथे विजेच्या दिव्यांचे काचेचे फुगे भराभर काढणारे यंत्र होते. १९३९ च्या डिसेंबरात त्याच यंत्रावर सजावटीचे गोळे निघाले, आणि पुढच्या वर्षी दिवसाला सुमारे ३ लाख कोरे गोळे निघू लागले. एकार्टच्या ‘शायनी ब्राइट’ कारखान्यांत त्यांना चांदी आणि रंग चढवले जात. युद्ध पेटल्यावर धातूची टंचाई आली, मग चांदी गेली, पत्र्याची टोपी गेली आणि पुठ्ठा आला. तुमचे तीन गोळे त्या तीन-चार वर्षांतले आहेत. बाजारात त्यांना फार किंमत नाही, पण संपूर्ण पेटीत ज्यांचे वय मी विनासंकोच सांगू शकतो असे ते एवढेच. उरलेले दोन, नालीदार कडेची पत्र्याची टोपी असलेले, युद्धानंतरचे शायनी ब्राइट आहेत.

पक्ष्यांवरून काळ ठरवता येत नाही, कारण तसे पक्षी आजही त्याच पद्धतीने होतात. काकडीबद्दल आजींनी ‘जुनी जर्मन प्रथा’ असे सांगितले असणारच: झाडात लपवलेली काकडी ज्याला आधी सापडेल त्याला जास्तीची भेट. जर्मनीत ही प्रथा बहुतेकांनी ऐकलेलीही नाही. ती अमेरिकेतल्या विक्रीची उपज दिसते. काकडी स्वतः मात्र जुनी असू शकते, कारण लाउशाच्या साच्यांत गाजर-मक्यासारख्या भाज्याही होत्या. चिमटे स्प्रिंगचे आहेत, म्हणजे १८७० च्या दशकानंतरचे. एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी १८८२ मध्ये न्यूयॉर्कला विजेचे ८० दिवे लावून झाड फिरवले, तरी कित्येक दशके साध्या घरांत मेणबत्त्याच होत्या, त्याही काही मिनिटांपुरत्या आणि शेजारी पाण्याची बादली ठेवून.

आता काळजीचा भाग. चंदेरी पट्ट्या जड असतील, घडी घातल्यावर घडी तशीच राहत असेल आणि फांदीवरून सरळ खाली लोंबत असतील, तर त्या शिशाच्या आहेत. अमेरिकेत १९७२ च्या सुमारास त्या बाजारातून गेल्या. प्लॅस्टिकच्या पट्ट्या हलक्या असतात आणि बोटांना चिकटतात. शिशाच्या निघाल्या तर मुलीच्या हाती देऊ नका आणि स्वतः हाताळल्यावर हात धुवा. बर्फाची पिशवी अधिक गंभीर आहे. कापसाचा बर्फ मेणबत्तीने पेट घेई, म्हणून १९२०-३० च्या सुमारास न जळणारा बर्फ म्हणून ॲस्बेस्टॉस विकला जात असे. तुमच्या पिशवीत काय आहे हे छायाचित्रावरून सांगता येणार नाही. कापूस, काचतंतू किंवा ॲस्बेस्टॉस, काहीही असू शकते. ती आहे तशी दुहेरी प्लॅस्टिक पिशवीत बंद करा आणि काउंटीच्या घातक कचरा विभागाला विचारून त्यांच्याकडे द्या.

धुऊ नका असे सुरुवातीला म्हटले त्याचे कारण माझ्याच चुकीत आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका काचेच्या सांताक्लॉजच्या चेहऱ्यावरची धूळ ओलसर कापसाने, अगदी हलक्या हाताने, टिपली. कापूस उचलला तेव्हा त्याच्यावर दोन भुवया आणि ओठ होते, आणि खाली गुळगुळीत गुलाबी काच. जुन्या गोळ्यांवरचा बराच रंग पाण्यात विरघळणारा असतो, आणि टोपीवाटे आत शिरलेला दमट वारा चांदीचा थर सोडवतो. तेव्हा पाणी, साबण, काच पुसायचा फवारा, काही नको. मऊ केसांच्या कोरड्या कुंचल्याने, गोळा दुसऱ्या हाताच्या तळव्यात धरून, वरची धूळ उडवा. रंग पापुद्र्यासारखा सुटत असेल तर तेही करू नका. प्रत्येक वस्तू आम्लरहित पातळ कागदात सैल गुंडाळून, खण असलेल्या खोक्यात, घरातल्या कपाटात ठेवा. माळा उन्हाळ्यात तापतो आणि तळघर दमट असते. अंड्यांचे ट्रे सोयीचे दिसतात, पण त्यांचा कागद आम्लयुक्त असतो.

लेकीने शाळेत काय सांगावे, हे वर्गावर आणि वेळेवर अवलंबून आहे. दोनच मिनिटे असतील तर १५२१ चे पहारेकरी आणि १६०५ ची सफरचंदे पुरेत, आणि हातात लाल गोळा धरून तो त्या सफरचंदाचा वंशज आहे असे दाखवता येईल. शिक्षकांनी भारतातले विचारले तर तेही खरे तेच सांगावे. मी वसईचा, आमच्या लहानपणी घरोघर नाताळ म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा आणि दारावरचा ताऱ्याचा कंदील होता. झाड आले ते नंतर, आणि तेही सुरूच्या फांदीचे.

जड हिरवा गोळा मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्याचे उत्तर अजून अर्धेच आहे. जाड काच, नक्षीदार पितळी टोपी ही १९ व्या शतकातल्या जर्मन गोळ्यांची लक्षणे आहेत, आणि आजींचे दीडशे वर्षांचे वय पेटीत कुणाला शोभत असेल तर यालाच. अडचण अशी की गेली काही दशके अशाच गोळ्यांच्या नकला आपल्या भारतातच तयार होऊन अमेरिकेत येतात. काही मी स्वतः पहिल्या नजरेत अस्सल समजलो होतो. अस्सल जुन्या गोळ्याची दांडी काचेच्या पृष्ठभागाशी सपाट कापलेली असते, त्यामुळे भोकाला मान नसते आणि टोपी गोळ्यावर टेकून बसते. नव्यांत बहुधा टोपीखाली काचेची आखूड मान असते. टोपी उपटून पाहू नका, आतली तार भोकाची कड तोडते. गोळा खिडकीपाशी डोळ्यांच्या रेषेत धरा, टोपी आणि काच यांच्या मधल्या फटीचे बाजूने एक छायाचित्र घ्या, स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन करा आणि व्यास मोजून कळवा. मग सांगतो.